एका रुपयाचा कडेलोट

नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी १२ लाख रुपये उत्पन्न असलेल्याला कर नाही. टप्प्यांप्रमाणे मांडला तर त्याचा कर ६० हजार रुपये होतो. कलम ८७ अ खाली तेवढीच सूट मिळते आणि देणे शून्यावर येते. आता याच माणसाचे उत्पन्न १२ लाख १० हजार झाले असे समजा. सूट संपली, टप्प्यांनुसार कर ६१ हजार ५०० रुपये. पगार दहा हजारांनी वाढला म्हणून साडेएकसष्ट हजार भरायचे? हा वेडेपणा कायदा करणाऱ्यांना दिसला आणि त्यांनी त्यावर इलाजही करून ठेवला. मर्यादेच्या वर जेवढे उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, असा तो नियम. सनदी लेखापालांच्या बोलीत ‘मार्जिनल रिलीफ’. त्यामुळे या गृहस्थाला, उपकर सोडला तर, दहा हजारच भरावे लागतात. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत ही सवलत त्याला सांभाळते आणि मग तो इतर करदात्यांच्या रांगेत जाऊन बसतो. हिंजवडीतल्या पगारदाराला हे गणित तोंडपाठ असते, आणि त्यात वावगे काहीच नाही.

दुसरा हिशेब पुण्यातल्या पर्वतीच्या पायथ्याचा. स्त्रियांना महिन्याला दीड हजार रुपये देणाऱ्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, म्हणजे महिन्याला २० हजार ८३३. जनता वसाहतीत राहणारे एखादे जोडपे कल्पा. तो एका सोसायटीच्या फाटकावर रखवालदार, पगार १२ हजार. ती चार घरची धुणीभांडी करून नऊ हजार मिळवते. वर्षाचे २ लाख ५२ हजार झाले. मर्यादेच्या वर दोन हजार, आणि त्यापायी जाणार महिन्याचे दीड हजार, वर्षाचे अठरा हजार. घरात एकवीस वर्षांवरची अविवाहित मुलगी असेल तर नियमाने तीही लाभार्थी होऊ शकते; मग छत्तीस हजार. एका घराने दोन धुणी जास्त धरल्याची ही किंमत. करदात्याला मर्यादेपलीकडे उतार बांधून दिला आहे आणि त्याच सरकारी व्यवस्थेने या बाईच्या पुढ्यात सरळ कडा ठेवला आहे. एका रुपयाने तोल गेला की कडेलोट. ‘लाडकी बहीण’ असावी की नसावी, हा वाद इथे घालायचा नाही. तो निवडणुकीत घालून झाला आहे. पण योजना आहे तोवर, उत्पन्न बदलले किंवा हिशेबात चूक झाली तर काय व्हावे, याचे जे साधे नियम आपण करदात्याला लागू करतो तेच मदत घेणाऱ्या बाईलाही लागू व्हायला हवेत. एवढीच मागणी आहे, आणि ती दिसते तितकी भाबडी नाही.

हातावर पोट असलेल्यांचे उत्पन्न हा स्थिर आकडा नसतो. मार्केट यार्डातल्या हमालाची कमाई आवकेवर चालते. आंब्याच्या दिवसांतली हजेरी आणि भर पावसाळ्यातली हजेरी यांत जमीनअस्मानाचे अंतर. मंगल कार्यालयात वाढप्याचे काम करणाऱ्याचे वर्ष लग्नाच्या तिथींनी ठरते. ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक बायांना घरोघरचे शुल्क मिळते खरे, पण भंगाराचा भाव पडला की पुठ्ठा आणि प्लास्टिक तेवढेच वेचूनही हाती कमी येते. घरपोच सेवा देणाऱ्या पोराचे तर निराळेच. समजा कंपनीकडून त्याच्या खात्यात महिन्याला पंचवीस हजार जमा होतात. त्यातले सहासात हजार पेट्रोलचे, आणखी काही गाडीच्या हप्त्याचे. कागदावर जमा झालेली रक्कम दिसते, खर्च दिसत नाही. त्याचे वार्षिक उत्पन्न तीन लाख की सव्वादोनच्याही खाली? बिगारी, फेरीवाला, रिक्षावाला, कुणालाही विचारा, ‘गेल्या वर्षी किती कमावले’ याचे एका आकड्यातले खरे उत्तर त्याच्याकडे नसते. आणि ते नाही म्हणून तो लबाड ठरत नाही.

त्यात कुटुंबाची व्याख्या. पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले, असे योजनेचे कुटुंब आहे. म्हणजे आयटीआय करून मुलाला चाकणला पंधरा हजारांची पहिली नोकरी लागली की त्याचे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार आईच्या उत्पन्नात मिळतात आणि आई अपात्र होते, मग तो पगार घरी देवो अथवा न देवो. पुढे त्याचे लग्न झाले की तो कुटुंबातून वजा, आणि आई हिशेबाने पुन्हा गरीब! वाहनाचेही तसेच. ट्रॅक्टर सोडून कोणतेही चारचाकी वाहन कुटुंबाच्या नावावर असले की लाभ नाही. भाजी विकायला कर्ज काढून घेतलेला ‘छोटा हत्ती’ आणि दारात उभी असलेली हौसेची मोटार यांत हा नियम फरक करत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत परिवहन खात्याच्या याद्या घेऊन अंगणवाडी सेविका पुणे जिल्ह्यात घरोघर फिरल्या, तेव्हा त्यांच्या हातात वाहनांची नोंद होती. त्या वाहनावर पोट भरते की कर्ज फिटते, याचा रकाना त्या यादीत नव्हता.

मोजायची काठीच जुनी असली की मोजलेले सगळेच वाकडे. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली गेली. व्यवहार म्हणून ते शहाणपणाचेच होते, नाहीतर तहसील कचेऱ्या कोसळल्या असत्या. पण ही तीन रंगांची पद्धत १९९९ ची. पिवळी पंधरा हजारांपर्यंत, केशरी एक लाखापर्यंत, त्यावर पांढरी. पंचवीस वर्षांहून जुने हे आकडे आजही कार्डांवर जिवंत आहेत. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वार्षिक ५९ हजारांची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांहून कमी; इतक्या पैशांत पुण्यात खोलीचे भाडे भागवताना नाकी नऊ येतात. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांसाठी दुर्बल घटकांची मर्यादा एक लाख. आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते, दिव्यांगांसाठी ५० हजारांच्या. २१ हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. त्या मर्यादेतल्यांना मिळणारे अनुदान दीड हजार. मदतीची रक्कम महागाईकडे पाहून कधीतरी वाढते, मर्यादेचा आकडा मात्र शासन निर्णयात गोठून राहतो.

याचा परिणाम आपण सगळे जाणतो आणि चारचौघांत बोलत नाही. मर्यादा जगण्याच्या खर्चाशी इतकी फटकून राहिली की लोक दाखला ‘लागेल तेवढ्याचा’ काढतात. महा ई-सेवा केंद्रातला मुलगाच विचारतो, कशासाठी हवाय, आणि त्याप्रमाणे स्वयंघोषणापत्रात आकडा पडतो. शाळेसाठी लाखाच्या आत, दुसऱ्या कशासाठी त्याहून कमी. कारकुनाला हे ठाऊक असते, तलाठ्याला ठाऊक असते, दाखल्यावर शिक्का उमटवणाऱ्यालाही ठाऊक असते. बाई खरे बोलली तर उपाशी, खोटे बोलली तर गुन्हेगार. आणि काही वर्षांनी पडताळणीची लाट आली की या संगनमतातून सगळे बाजूला होतात, उरते ती एकटी, हमीपत्रावर अंगठा असलेली.

लाडकी बहीण योजनेत ही लाट कशी आली, तो क्रम आठवून पाहावा. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा झाली. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात होती. अर्ज भरून घेण्यासाठी मंजूर अर्जामागे पन्नास रुपये प्रोत्साहन ठरले. अटी सैल झाल्या, पाच एकर जमिनीची अट निघाली, वयोमर्यादा साठावरून पासष्टवर गेली. १७ ऑगस्ट २०२४ ला पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात राज्यस्तरीय शुभारंभ झाला आणि जुलै-ऑगस्टचे तीन हजार रुपये एकदम खात्यांत पडले. दोन कोटींहून अधिक अर्ज काही आठवड्यांत तपासून मंजूर करायचे म्हणजे तपासणी नावापुरतीच होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अर्जांची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला संपली, २० नोव्हेंबरला मतदान झाले आणि मग सरकारला पडताळणी आठवली. ७ फेब्रुवारी २०२५ ला महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी पाच लाख महिला अपात्र ठरल्याचे जाहीर केले. त्यांत २ लाख ३० हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या, १ लाख १० हजार पासष्ट वर्षांवरच्या, आणि उरलेल्या १ लाख ६० हजार चारचाकी असलेल्या, नमोशक्ती योजनेतल्या किंवा स्वतःहून नाव काढून घेतलेल्या. जुलै २०२५ मध्ये आणखी मोठा आकडा आला. २६ लाख ३४ हजार अर्जदारांचा लाभ जूनपासून तात्पुरता थांबवल्याचे सांगण्यात आले. चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या खात्यांत पैसे गेल्याचेही तेव्हाच गाजले.

पुरुषांची बातमी चवीने वाचली गेली. त्या गडबडीत फेब्रुवारीच्या आकड्यांकडे कुणी नीट पाहिले नाही. पाच लाखांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रिया निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग. त्यांची नावे सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या यादीत होती. ज्या यादीवरून त्या नंतर सापडल्या ती यादी आधी पाहायला कुणी हात धरला होता? वयाचेही तेच. आधार कार्डावर जन्मतारीख असते. पासष्टी उलटलेल्या बाईचा अर्ज मंजूर झाला, तर ती अर्ज मंजूर करणाऱ्याची चूक आहे, अर्ज करणारीची नव्हे. ‘अपात्र’ या एका शब्दाच्या गोणीत आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक, उघड फसवणूक. दुसरी, कचेरीची चूक. तिसरी, बदललेली परिस्थिती, म्हणजे अर्ज करताना बाई पात्र होती, नंतर मुलाला नोकरी लागली किंवा टेम्पो घेतला. पहिलीला शिक्षा हवी, दुसरीत दिलगिरी हवी, तिसरीत साधी नोंद पुरते. तिघींनाही एकाच तऱ्हेने, न सांगता, हप्ता बंद करून कळवायचे हा कारभार नव्हे. बहुतेकींना बातमी कळते ती मोबाइलवर बँकेचा संदेश आला नाही की.

करदात्याशी सरकार असे वागत नाही, वागू शकत नाही. विवरणपत्रात तफावत दिसली तर दुरुस्ती करण्याआधी कलम १४३(१) नुसार कळवावे लागते आणि उत्तराला तीस दिवस द्यावे लागतात. मालकाने पगारातून कर कापला आणि सरकारजमा केला नाही, तर तो कर पुन्हा नोकराकडून मागता येत नाही; कलम २०५ तसे बजावते. परतावा उशिरा दिला तर महिन्याला अर्धा टक्का व्याज. २०२१ पासून वार्षिक माहिती विवरणात करदात्याच्या नावावरच्या नोंदी दिसतात आणि एखादी नोंद चुकीची असेल तर तिच्यापुढेच ‘ही माहिती बरोबर नाही’ असे नोंदवायची सोय आहे. सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात स्पष्ट केले की कार्यालयाच्या चुकीने जास्त पगार दिला गेला असेल, तर तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून तो वसूल करू नये. कारण साधे होते. चूक त्यांची नाही, पैसे खर्च होऊन गेलेले असतात, आणि वसुलीचा घाव नोकरदार गरिबाला जास्त लागतो. शिपायाला जे लागू, ते धुणीभांडी करणारीला का नाही?

यंत्राच्या चुकीचेही उदाहरण आपल्याच उंबऱ्यावर आहे, आणि तेही नेमके ८७ अ च्या सुटीचे. जुलै २०२४ मध्ये आयकर खात्याने विवरणपत्र भरण्याच्या प्रणालीत बदल केला आणि विशेष दराने कर लागणाऱ्या, उदाहरणार्थ शेअरवरच्या अल्पकालीन नफ्याच्या, उत्पन्नावर ही सूट मागण्याची वाटच बंद झाली. कायद्याचा अर्थ काय, यावर मतभेद होते. पण प्रणालीने वाद घालायचीही जागा ठेवली नाही. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला अंतरिम आदेश दिला, विवरणपत्रांची मुदत १५ जानेवारीपर्यंत वाढली, आणि जानेवारी २०२५ च्या निकालाचा गाभा असा की, सूट मिळेल की नाही हे अधिकारी ठरवतील, पण ती मागण्याचा हक्क संगणकप्रणाली हिरावून घेऊ शकत नाही. काही हजार रुपयांच्या सुटीसाठी करदात्यांकडे सल्लागार होते, संघटना होती, उच्च न्यायालय होते. दुसरीकडे, लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, पती किंवा वडिलांचे आधारही मागितले गेले, विधवा आणि घटस्फोटितांची अडचण झाली, नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत लांबली. भरताना चुकीचा पर्याय दाबला गेल्यामुळे ज्यांचा हप्ता अडला त्यांची पुन्हा प्रत्यक्ष पडताळणी करण्याचे काम शेवटी अंगणवाडी सेविकांवरच आले. यंत्राने केलेला घोळ पायाने फिरून निस्तरणाऱ्या या बायाच या योजनेचे खरे अपील न्यायालय आहेत, फक्त त्यांना निकाल द्यायचा अधिकार नाही.

उत्पन्नाशी जोडलेली मदत आणि तिच्यातल्या चुका यांचा अनुभव जगाने आधीच घेतला आहे, आणि तो महाग पडला आहे. ब्रिटनने एप्रिल २००३ मध्ये नव्या स्वरूपाची ‘टॅक्स क्रेडिट’ योजना आणली. गेल्या वर्षीच्या उत्पन्नावरून यंदाची मदत द्यायची, वर्ष संपल्यावर खरे उत्पन्न पाहून हिशेब मिटवायचा. कागदावर निर्दोष. पहिल्याच वर्षी सुमारे वीस लाख कुटुंबांना मिळून जवळपास दोन अब्ज पौंड जास्त दिले गेल्याचे निघाले आणि खर्च होऊन गेलेले पैसे परत मागणारी पत्रे त्यांच्या दारात पडली. मग सरकारने उपाय केला तो असा की, वर्षभरात उत्पन्न किती वाढले तर दुर्लक्ष करायचे, ही सूट अडीच हजार पौंडांवरून २००६ पासून थेट पंचवीस हजारांवर नेली. जास्तीच्या रकमा घटल्या. पुढच्या सरकारांनी काटकसरीसाठी ती सूट पुन्हा कापत आणली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती योजनाच संपली. तिची जागा घेतलेली व्यवस्था मालकांकडून दर पगाराची माहिती घेऊन महिन्याच्या महिन्याला हिशेब करते. आपल्याकडे धुणीभांडी करणारीचा मालक कुणाला पगारपत्रक पाठवतो? तेव्हा तो मार्ग आपला नाही. आपल्याला घेण्यासारखी आहे ती दुर्लक्षाची सूट.

ऑस्ट्रेलियात काय घडले, हे तर मंत्रालयात फ्रेम करून लावावे. करखात्याकडचे वर्षाचे उत्पन्न घेऊन यंत्राने त्याचे सव्वीस पंधरवड्यांत सारखे भाग पाडले आणि त्यावरून लोकांच्या नावावर येणे काढले. सहा महिने काम करून नंतर बेकार झालेला माणूस बारा महिने कमावता दिसू लागला. सुमारे ४ लाख ३३ हजार लोकांवर १७० कोटी डॉलरहून जास्त बेकायदा येणे लादले गेले, लोकांनी जीव दिले, सरकारला पैसे परत करावे लागले आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्या कारभाराचे वाभाडे काढले. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात बारीकशी चूक सापडली तरी अख्ख्या वर्षाची मदत परत मागितली जाई. हजारो घरे कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. आपल्या राज्याच्या महिला व बालविकास विभागाला आयकर खात्याकडची माहिती मिळण्याची वाट २०२५ मध्ये मोकळी झाली आहे. याद्यांची जुळणी वाईट नाही. जुळणी हाच निकाल मानणे वाईट.

आता आक्षेप. पहिला पैशांचा, आणि तो हलका नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले. आधीच्या वर्षी ४६ हजार कोटी होते. एवढा पैसा ज्या खिशातून येतो त्यात जनता वसाहतीतल्या बाईने साखरेवर आणि साबणावर भरलेला करही आहे, तेव्हा अपात्रांना वगळणे हे तिच्याही हिताचे. मान्य. पण कड्याऐवजी उतार केला म्हणून तिजोरी रिती होत नाही. मर्यादेच्या वर दर दोन रुपयांमागे मदतीतून एक रुपया कापायचा, असे ठरवले तर २ लाख ८६ हजारांवर अठरा हजार पूर्ण संपतात. अडीच लाख ते दोन लाख शहाऐंशी हजार या अरुंद पट्ट्यातल्या कुटुंबांपुरताच हा खर्च आहे. उलट एक फायदा दिसतो. आज मर्यादा ओलांडणाऱ्याला खरे सांगण्याने सगळे गमवावे लागते. उतार असेल तर खरे सांगितल्याने थोडेसेच जाते, आणि थोडेसे जाणार असेल तर माणसे खरे सांगतात.

दुसरा आक्षेप असा की कुठेतरी रेघ ओढावीच लागते आणि तिच्या पलीकडचा कुणीतरी नेहमीच कुरकुरणार. रेघ ओढाच. करातही रेघ आहे, १२ लाखांची. रेघेच्या पलीकडे खड्डा खणायचा की पायरी बांधायची, एवढाच प्रश्न आहे. तिसरा आक्षेप अंमलबजावणीचा: ज्यांचे उत्पन्न आपण मोजूच शकत नाही म्हणता, त्यांच्यासाठी रुपया-रुपयाचा उतार कसा चालवणार? हा सगळ्यांत खरा मुद्दा आहे. म्हणूनच उताराबरोबर दोन गोष्टी लागतील. पात्रता एकदा ठरली की वर्षभर तिला हात लावायचा नाही. मुलाची नोकरी, नवा टेम्पो, सगळे पुढच्या एप्रिलला पाहायचे. आणि ठरावीक रकमेपर्यंतची वाढ, समजा पंचवीस हजारांची, हिशेबातच धरायची नाही. यात थोडे पैसे ‘जास्त’ जातील. हमालाची आंब्याची हजेरी आणि पावसाळ्याची हजेरी दर महिन्याला तपासत बसण्याच्या खर्चापेक्षा ते स्वस्त पडेल.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि तो मध्यमवर्गाच्या जिव्हाळ्याचा: वसुली नसेल तर लबाडांचे फावेल. फसवणाऱ्याकडून वसुली व्हावीच, आणि बाईच्या नावाने पैसे उचलणाऱ्या पुरुषांकडून तर आधी व्हावी. मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्र्यांनी पूर्वी दिलेले पैसे परत घेणार नाही असे सांगितले, ते योग्यच होते. उणीव एवढीच की ती घोषणा होती, नियम नव्हता. उद्या मंत्री बदलले की घोषणा बदलेल. पीएम-किसानमध्ये २०२१ साली संसदेत सांगण्यात आले की बेचाळीस लाखांहून अधिक अपात्र शेतकऱ्यांकडून सुमारे २,९९२ कोटी वसूल करायचे आहेत, त्यांत महाराष्ट्रातले ३५८ कोटी. आधी वाटायचे, मग शोधायचे, मग मागायचे, ही साखळी नवी नाही.

या सगळ्यात दुसऱ्या बाजूचे बदल, म्हणजे उत्पन्न घटण्याचे, कुणी बोलतच नाही. ज्या घरातला कर्ता गेल्या वर्षी गेला, ज्याच्या कारखान्याने कंत्राटी माणसे कमी केली, त्या घरची बाई १५ ऑक्टोबर २०२४ नंतर गरीब झाली. जी मुलगी २०२५ मध्ये एकवीस वर्षांची झाली, तीही त्याच रांगेत. त्यानंतरच्या वर्षभरात पडताळणीच्या फेऱ्या झाल्या, नव्या नोंदणीची एकही नाही. उत्पन्नाशी बांधलेली मदत म्हणायची आणि उत्पन्न वाढले की बाहेर काढायचे, घटले तर आत घ्यायचे नाही, हा कोणता न्याय?

राहिला प्रश्न, सरकारी यंत्रणेला दीड हजारांऐवजी वेगळी रक्कम पाठवता येते का. येते. तीच यंत्रणा आजही ते करते आहे. पीएम-किसान आणि नमो शेतकरी योजनांतून वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला हजार मिळणाऱ्या पावणेआठ लाखांच्या घरातील शेतकरी महिलांना लाडकी बहीण योजनेतून फरकाचे पाचशे रुपये जातात. कुणी म्हटले नाही की हजार मिळतात म्हणून सगळेच बंद. वजाबाकी केली आणि उरलेले दिले. तीच वजाबाकी जनता वसाहतीतल्या जोडप्यासाठी मांडली तर दोन हजार जास्तीचे, त्याचे निम्मे एक हजार कापायचे, राहिले सतरा हजार. महिन्याला १,४१७ रुपये.